आदिवासी, मूळनिवासी, भूमिपुत्र: ही ओळख कोण ठरवते?

डोंगरपाडा (कळवा, ठाणे)
१० ऑगस्ट, रात्री ९.१५

मुलीच्या जमात वैधता प्रमाणपत्रासाठी गेल्या आठवड्यात घरातली पत्र्याची पेटी उघडली. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या नावाचा शाळेचा कागद असणे शक्य नव्हते. पण त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या चुलत आजोबांचा, जव्हार संस्थानातल्या शाळेच्या नोंदवहीतील १९४४ सालचा उतारा सापडला आणि त्यावर ‘हिंदू वारली’ असे लिहिलेले आहे. वडिलांच्या दाखल्यावर नुसते ‘वारली’ आहे. माझ्या दाखल्यावर ‘वारली’ आणि पुढे ‘अ.ज.’, म्हणजे अनुसूचित जमात, असे आहे. मुलीच्या महाविद्यालयीन अर्जात प्रवर्गाच्या रकान्यात केवळ ‘एसटी’ उरले आहे. घर तेच, विक्रमगड तालुक्यातला पाडा तोच, कुळ तेच. काल, ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, ज्या नावाने आम्ही ठाण्यात मिरवणुकीत चाललो, तो ‘आदिवासी’ शब्द या चारही कागदांवर कुठेही नाही. तो फक्त हे कागद ज्या विभागाकडे जायचे आहेत, त्या विभागाच्या नावात आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, संशोधक नाही. परंतु जगभर स्वतःला मूळनिवासी म्हणवणाऱ्या समाजांची ही ओळख कशी घडली, याविषयी काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे. माझे मत आधीच मांडतो, म्हणजे चर्चेला दिशा राहील. ही ओळख ‘आधी कोण आले’ या प्रश्नातून घडलेली नाही. ज्यांच्या जमिनीवर आणि रानावर इतरांची सत्ता बसली आणि त्या सत्तेने ज्यांना आपल्या सोयीने नावे दिली, त्या लोकांनी ती नावे नाकारताना, किंवा तीच नावे उचलून आपलीशी करताना, ती घडत गेली.

न्यूझीलंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ‘माओरी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘साधा, नेहमीचा’ असा आहे. युरोपीय जहाजे किनाऱ्याला लागण्यापूर्वी तिथले लोक स्वतःला आपापल्या कुळांच्या आणि टोळ्यांच्या नावांनी ओळखत. ‘आपण सगळे एक’ असे सांगणारा शब्द लागतच नव्हता, कारण समोर दुसरे कोणी नव्हते. गोरे लोक आले, त्यांना ‘पाकेहा’ हे नाव पडले आणि मग आपण कोण, तर ‘नेहमीची माणसे’, म्हणजे माओरी. १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला तोवर हा शब्द रूढ होऊ लागला होता. माझी आत्या आजही ‘आम्ही आदिवासी’ असे कधी म्हणत नाही. ती पाड्याचे आणि कुळाचे नाव सांगते, आणि फार तर ‘आम्ही वारली’ म्हणते. ‘आदिवासी’ हा शब्द तिला लागला नाही, मला लागला, कारण मी शिकायला पाड्याबाहेर पडलो.

आपल्याकडे नावे देण्याचे काम आधी जनगणनेने केले. १९०१ च्या जनगणनेत या समाजांची गणती निसर्गपूजक धर्माच्या रकान्यात झाली, १९३१ मध्ये ‘आदिम जमाती’ असा वर्ग केला गेला, १९३५ च्या कायद्यात ‘मागास जमाती’ आल्या आणि १९५० मध्ये ‘अनुसूचित जमाती’. याच काळात आजच्या झारखंडातल्या छोटानागपूरमधून ‘आदिवासी’ हा शब्द राजकीय बळ घेऊन पुढे आला. १९३८ मध्ये आदिवासी महासभा स्थापन झाली आणि पुढे जयपालसिंह मुंडा तिचे नेते झाले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधारपद भूषवणारे हेच जयपालसिंह डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत उभे राहिले, स्वतःला ‘जंगली’ म्हणवून घेण्यात आपल्याला अभिमान वाटतो असे त्यांनी सांगितले आणि पुढे ‘आदिवासी’ हाच शब्द घटनेत यावा असा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. माझ्या पेटीतल्या कागदांवर तो शब्द का नाही, याचे उत्तर त्या सभागृहात आहे.

जगाच्या पातळीवर हा प्रवास आणखी जुना आहे. १९२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील मूळनिवासींच्या हौदेनोसौनी संघातील कायुगा लोकांचे प्रमुख देस्काहे कॅनडाविरुद्धची तक्रार घेऊन जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेकडे, गेले. त्यांना सभेत बोलू दिले गेले नाही. पुढच्याच वर्षी माओरींचे नेते राताना लंडनला गेले, तिथे राजाने भेट नाकारली. जिनिव्हाचे दार उघडायला त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे लागली. ९ ऑगस्ट १९८२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी विषयक कार्यगटाची पहिली बैठक भरली. आपण जो दिवस पाळतो तो या बैठकीचा. १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला, आणि विरोधातले चारही देश, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड व अमेरिका, बाहेरून आलेल्यांनी वसवलेले होते. पुढे चौघांनीही आपली भूमिका बदलली.

भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. मात्र आपल्या सरकारची भूमिका अशी राहिली की भारतातील सर्वच लोक मूळनिवासी आहेत. मिरवणुकीतून परतताना मी याच वाक्याचा विचार करत होतो. आपल्याला काय वाटते, ते मोकळेपणाने लिहावे.

---

मधुरा_नौपाडा
१० ऑगस्ट, रात्री ११.०२

गुरुजी, आपला लेख दोनदा वाचला. तरीही सरकारच्या त्या भूमिकेत काहीच तथ्य नाही, असे मला म्हणवत नाही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात समुद्र ओलांडून आलेले कोण आणि आधीपासून राहणारे कोण, हे तारखेनिशी सांगता येते. ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांची वसाहत १७८८ मध्ये सुरू झाली, असे सरळ सांगता येते. आपल्याकडे हजारो वर्षे लोक येत राहिले, मिसळत राहिले, आणि आजच्या कोणत्याही समाजाच्या रक्तात एकच धारा सापडत नाही. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४० च्या दशकात याच कारणाने ‘मूळनिवासी’ ही संज्ञा नाकारली आणि या समाजांना मागासलेले हिंदू मानावे असे मांडले. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण ‘आधीचे कोण’ हे ठरवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे. एकदा काही समाजांना मूळचे म्हटले की उरलेले सगळे आपोआप उपरे ठरतात, आणि त्या भाषेचा पुढे कोणी कसा उपयोग करील याची मला भीती वाटते.

---

येऊरवाट (वर्तकनगर)
११ ऑगस्ट, सकाळी ७.४०

मधुराताई, आपण मांडलेली अडचण आफ्रिकेत अधिक तीव्रतेने उभी राहिली होती. तिथे वसाहतकार निघून गेल्यावर सत्तेवर आलेले लोकही आफ्रिकीच होते, आणि ‘आमच्याकडे सगळेच मूळनिवासी आहेत’ हे उत्तर तिथल्या सरकारांनीही दिले. १९८९ मध्ये टांझानियाचे मसाई खासदार मोरिंगे ओले पार्किपुनी जिनिव्हाच्या कार्यगटासमोर बोलले, तेव्हा आफ्रिकेतून असा आवाज प्रथमच तिथे पोहोचला. मसाई पूर्व आफ्रिकेतले सर्वांत आधीचे रहिवासी नाहीत. ते उत्तरेकडून गुरे घेऊन खाली आले, हे ते स्वतःही सांगतात. आपण पहिले आलो असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. आपली गुरे, आपली कुरणे आणि आपली जगण्याची रीत राज्यकर्त्यांच्या विकासाच्या कल्पनेत बसत नाही, म्हणून आपल्याला हटवले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने पुढे हीच समज स्वीकारली आणि प्रथम आगमनाची अट बाजूला ठेवून भूमीशी असलेले विशेष नाते, उपेक्षित स्थान आणि स्वतःची स्वतःला पटलेली ओळख या गोष्टींना महत्त्व दिले.

केनियातील बोगोरिया सरोवराकाठच्या एंडोरोइस लोकांना प्राण्यांच्या राखीव क्षेत्रासाठी १९७० च्या दशकात हटवले गेले होते. २०१० मध्ये आयोगाचा निर्णय त्यांच्या बाजूने जाहीर झाला. मी गेली बावीस वर्षे येऊरच्या वाटेवर पहाटे चालतो. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा या नावांचे पाडे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहेत. अभयारण्याची रेघ नकाशावर उमटली आणि पाणी आणायला, फाटी गोळा करायला जाणाऱ्या बाईवर अतिक्रमणाचा शिक्का बसू लागला. एंडोरोइसांची हकीकत वाचताना मला बोगोरिया सरोवर डोळ्यांपुढे आणता येत नव्हते. पाटोणपाडा मात्र स्पष्ट दिसत होता. बाहेरून शतकानुशतके मिसळलेले रक्त त्या बाईच्या अंगातही असेल. ते तपासून तिच्या हक्काचा निवाडा होऊ शकत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

---

खाडीकाठ (घणसोली)
११ ऑगस्ट, दुपारी १.२५

हा धागा वाचून मनातले एक जुने ओझे इथे उतरवतो. मी आगरी. माझ्या वडिलांची भातशेती आणि मिठागरातला वाटा, दोन्ही नवी मुंबईत गेले. १९७० मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात आमचे पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मिळाले. आम्ही स्वतःला ‘भूमिपुत्र’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतो. या दोन शब्दांपैकी पहिला आम्ही घेतला आणि दुसरा आम्हाला फाइलीने दिला. आज माझ्या मुलाच्या तोंडी दुसरा अधिक आहे, कारण भूखंडाच्या अर्जावर तोच लागतो.

आम्हाला मूळनिवासी म्हणता येईल का? खाडीच्या भरती-ओहोटीचे, खाजण बांधून खारे पाणी अडवण्याचे, मीठ पिकवण्याचे ज्ञान आमच्याकडे पिढ्यांपासून आहे. आमची बोली वेगळी, लग्नात गाणी म्हणणारी धवलारीण वेगळी. शहर आमच्या उरावर उभे राहिले. वर येऊरवाट यांनी सांगितलेल्या कसोट्या लावल्या, तर आम्ही त्यांतल्या काहींना उतरतो. तरीही मी गुरुजींच्या रांगेत जाऊन उभा राहणार नाही. आमचे लोक ग्रामपंचायतीत होते, आमदार-खासदार होते, आमच्या जमिनीला सातबारा होता, म्हणून निदान मोबदल्यासाठी भांडता आले. खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीतल्या किंवा पनवेलच्या वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाकडे तोही कागद नव्हता. आमचे दुःख खरे आहे, आणि त्याला लागणारा शब्द आमच्याकडे आहे. कातकऱ्यांचा शब्द आम्ही घेतला, तर त्यांच्या वाटणीचे जे थोडे आहे तेही पातळ होईल.

---

चेंदणीकर
११ ऑगस्ट, रात्री १०.१०

खाडीकाठदादांनी ज्या प्रामाणिकपणे लिहिले, त्यामुळे मलाही आमच्या कोळीवाड्यातली अवघड गोष्ट लिहिण्याचे धैर्य होत आहे.

‘कोळी’ या एका शब्दाखाली अनेक समाज आहेत. सह्याद्रीतले महादेव कोळी आणि ठाणे-पालघरचे मल्हार कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. आम्ही किनाऱ्यावरचे सोनकोळी मात्र त्या यादीत नाही. गुरुजींच्या कागदावर ज्या जव्हार संस्थानाचे नाव आहे, तिथले मुकणे राजघराणे महादेव कोळीच होते. आदिवासी म्हणजे केवळ रानात राहणारा आणि राज्यसत्ता ठाऊक नसलेला, ही जी समजूत पसरली आहे, ती जव्हारच्या उंबरठ्यावरच मोडून पडते.

पूर्वी या यादीला क्षेत्रबंधन होते; ठरावीक तालुक्यांत राहणाऱ्यांनाच जमातीचा दर्जा मिळे. १९७६ च्या कायद्याने हे बंधन मोठ्या प्रमाणावर उठवले, आणि महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ च्या सुमारे साडेएकोणतीस लाखांवरून १९८१ मध्ये जवळजवळ अठ्ठावन्न लाखांवर गेली. दहा वर्षांत एवढी मुले जन्माला येत नाहीत. त्यात बंधनामुळे बाहेर राहिलेले खरे आदिवासी होते, आणि नावातल्या साम्याचा आधार घेऊन आत आलेलेही होते. आमच्या नात्यातही काहींनी तसे दाखले काढले. मला त्याची लाज वाटते, आणि मुलाच्या नोकरीसाठी धडपडणाऱ्या आईबापांबद्दल कणवही वाटते. दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या आहेत.

योगायोग असा की वैधता तपासणीची आजची सारी चौकट ज्या निकालातून उभी राहिली, तो १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महादेव कोळी असल्याच्या दाव्यावरचाच होता आणि त्यात प्रतिवादी ठाण्याचे आदिवासी विकास अपर आयुक्त होते. तपासणी समिती, दक्षता पथक, जमातीच्या चालीरीती माहीत आहेत की नाहीत याची विचारपूस, हे सगळे तिथून रुजले. कुलदैवत कोणते, लग्न कोण लावते, मयताचे विधी काय, असे प्रश्न शहरात वाढलेल्या मुलाला विचारले जातात. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही आणि १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना सर्वाधिक वजन द्यावे. गुरुजी, म्हणून आपल्या पेटीतला १९४४ चा उतारा फार मोलाचा आहे. त्याची प्रमाणित प्रत आधी काढून ठेवा.

अमेरिकेतही आकड्यांची अशीच उसळी दिसते. १९६० पासून तिथल्या जनगणनेत गणकाने चेहरा पाहून वंश लिहिण्याऐवजी नागरिकाने स्वतः सांगायचे, अशी पद्धत सुरू झाली, आणि मूळ अमेरिकनांची संख्या १९६० मधील साडेपाच लाखांच्या आसपासवरून १९९० मध्ये साडेएकोणीस लाखांपुढे गेली. मधल्या काळात १९६९ ते १९७१ असा दीड वर्षाहून अधिक काळ त्यांच्या तरुणांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटाचा निषेध म्हणून ताबा घेतला होता. लपवून ठेवलेली ओळख सांगण्याची हिंमत त्या काळात अनेकांना आली. मात्र तिथेही जमातीचे सदस्यत्व स्वतःच्या सांगण्यावर मिळत नाही, ते जमातच ठरवते, आणि कित्येक जमाती रक्ताचा हिस्सा मोजतात, जी मोजणी मुळात सरकारी नोंदवह्यांनी सुरू केली होती. ऑस्ट्रेलियात वंश, स्वतःची मान्यता आणि समाजाची मान्यता अशी तीन अंगांची कसोटी वापरतात. मला ती सर्वांत न्याय्य वाटते, कारण तिच्यात समाजाला विचारले जाते. आपल्याकडे समिती कागदाला विचारते, दक्षता पथकाला विचारते. पाड्याच्या ग्रामसभेला मात्र विचारत नाही.

---

मधुरा_नौपाडा
१२ ऑगस्ट, सकाळी ९.३०

चेंदणीकरताई, समाजाची मान्यता हवी हे पटते, पण समाज म्हणजे त्यातले कोण, हा प्रश्न बाई म्हणून मला पडतो. कॅनडाच्या १८७६ च्या इंडियन ॲक्टप्रमाणे मूळनिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की तिचा दर्जा जाई आणि तिला आपल्या वस्तीत राहण्याचाही हक्क उरत नसे. मूळनिवासी पुरुषाने बाहेरच्या बाईशी लग्न केले तर त्या बाईला मात्र दर्जा मिळे. मलिसीट समाजाच्या सँड्रा लव्हलेस यांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेले, १९८१ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले आणि १९८५ मध्ये कायदा बदलला. त्या काळात काही वस्त्यांच्या पुरुष पुढाऱ्यांनीच या बदलाला विरोध केला होता. सरकारने लादलेला नियम शंभर वर्षांत समाजाचाच नियम होऊन बसला होता.

माझ्या पहिल्या प्रतिसादातला काही भाग मी मागे घेते. ‘उपरे कोण’ ही भीती मला अजूनही वाटते. पण येऊरवाट यांच्या उत्तरानंतर मूळनिवासी या शब्दाचा अर्थ आगमनाच्या क्रमापेक्षा वेगळा आहे, हे मला मान्य आहे.

---

येऊरवाट (वर्तकनगर)
१२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.०५

एक शब्द अजून कोणी काढला नाही, तो ‘वनवासी’. तैवानमध्ये सरकारने तिथल्या मूळनिवासींना अनेक वर्षे ‘डोंगरी बांधव’ अशा अर्थाचे नाव दिले होते. ऐकायला ते आपुलकीचे आहे. पण त्या नावात राहण्याची जागा येते, आधीपासूनचा हक्क येत नाही. १९८० च्या दशकात त्या लोकांनी नाव बदलण्यासाठी चळवळ उभारली, आणि १९९४ मध्ये ‘मूळचे रहिवासी’ या अर्थाचा शब्द घटनेत आला. १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्षा त्साय इंग-वेन यांनी मागील चार शतकांतल्या वागणुकीबद्दल त्यांची माफी मागितली. आपल्याकडे ‘वनवासी’ म्हणणाऱ्यांच्या मनातल्या हेतूविषयी मी बोलत नाही. पण ज्याचे वन काढून घेतले, त्याला वनवासी म्हणणे मला तरी बरोबर वाटत नाही, आणि ज्याला नाव द्यायचे आहे त्याने ते नको म्हटल्यावर विषय तिथे संपायला हवा.

जपानने तर नावापुरतीही ओळख ठेवली नव्हती. ऐनू लोकांसाठी १८९९ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातच त्यांना ‘पूर्वीचे आदिम रहिवासी’ म्हटले होते. १९९७ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी ऐनूंच्या जमिनीवरील निबुतानी धरणाच्या खटल्यात सप्पोरोच्या न्यायालयाने ऐनूंना मूळनिवासी मानले. धरण तोवर बांधून झाले होते. संसदेने मान्यतेचा ठराव केला २००८ मध्ये आणि कायद्यात तो शब्द आला २०१९ मध्ये.

---

डोंगरपाडा (कळवा, ठाणे)
१३ ऑगस्ट, रात्री १०.४५

सर्वांचे मनापासून आभार. चेंदणीकरताई, उताऱ्याच्या प्रमाणित प्रतीसाठी आज अर्ज दिला.

येऊरवाट यांनी धरणाचा विषय काढला, म्हणून नॉर्वेतील सामी लोकांविषयी लिहितो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध सामी तरुण ऑस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. धरण झालेच. पण त्या आंदोलनाने जो प्रश्न देशापुढे आणला, त्यातून १९८९ मध्ये सामींची स्वतंत्र निर्वाचित संसद उघडली, आणि १९९० मध्ये मूळनिवासींविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार मान्य करणारा नॉर्वे पहिला देश ठरला. भारताने त्याच्या आधीचा, १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार स्वीकारला होता, ज्यात या समाजांना हळूहळू इतरांत विरघळवून टाकण्याची कल्पना होती. १९८९ चा नवा करार, ज्यात स्वतःची ओळख स्वतः सांगण्याला पायाभूत कसोटी मानले आहे, तो आपण आजवर स्वीकारलेला नाही. दक्षिण आशियात तो स्वीकारला फक्त नेपाळने, २००७ मध्ये.

सामी संसदेच्या मतदारयादीत नाव घालण्यासाठी दोन गोष्टी लागतात. माणसाने स्वतःला सामी मानले पाहिजे, आणि त्याच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या किंवा पणजीपणजोबांच्या घरात सामी भाषा बोलली जात असली पाहिजे. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. नॉर्वेने शंभर वर्षे शाळेत सामी बोलण्यावर बंदी घातल्यासारखी परिस्थिती ठेवली होती, त्यामुळे ज्याच्या तोंडची भाषा गेली त्याचा दोष त्याच्यावर येऊ नये, म्हणून चार पिढ्या मागे पाहण्याची ही सोय आहे. माझ्या मुलीला वारली बोली समजते, पण बोलता येत नाही. ती कळव्यात वाढली, आणि शाळेत हसू होऊ नये म्हणून मीच घरात प्रमाण मराठी बोलत आलो. शिक्षक असूनही, किंवा शिक्षक असल्यामुळेच, हे माझ्या हातून झाले.

आणखी एका गोष्टीचा उलगडा मला बोलिव्हियाच्या इतिहासातून झाला. १९५२ च्या क्रांतीनंतर तिथल्या सरकारने ‘इंडियन’ हा शब्द अपमानाचा म्हणून टाकला आणि सर्वांना ‘शेतकरी’ म्हटले. जमीनही वाटली. पुढच्या पिढीतल्या आयमारा या मूळनिवासी समाजाच्या तरुणांनी सांगितले की आम्ही शेतकरी आहोतच, पण तेवढेच नाही. २००९ च्या घटनेत तिथे ३६ मूळनिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला. तरीसुद्धा २००१ च्या जनगणनेत स्वतःला मूळनिवासी सांगणारे सुमारे ६२ टक्के प्रौढ २०१२ मध्ये ४१ टक्क्यांच्या आसपास आले. ओळख एकदा मिळाली की तशीच राहते असे नाही, राज्याशी असलेल्या नात्याबरोबर ती वाढते आणि आटते.

आमच्या भागातही हेच घडले आहे. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूत वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबण्याची, गुलामी मोडली, तेव्हा गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या लाल झेंड्याखाली ते शेतकरी म्हणून उभे राहिले. १० ऑक्टोबर १९४५ च्या तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले. आजोबा त्या दिवसाविषयी बोलत, त्यात ‘आदिवासी’ हा शब्द मी ऐकला नाही. ‘आपली माणसे’ एवढेच ऐकले. १९७० च्या दशकात काळूराम धोदडे यांच्या भूमिसेना या आदिवासी संघटनेच्या काळात तो शब्द वडिलांच्या तोंडी आला. एकाच घरात आजोबा वारली शेतकरी होते, वडील आदिवासी झाले आणि मी अनुसूचित जमातीचा कर्मचारी झालो. यातले कोणतेही नाव खोटे नाही. मधुराताई, आपल्या भीतीला माझे उत्तर एवढेच आहे की या तिघांपैकी कोणीही कोणाला उपरे म्हटले नाही. वेठ बंद करा, प्लॉट परत द्या, जंगलात जाऊ द्या, इतकेच त्यांचे मागणे होते.

रविवारी मुलीला घेऊन आत्याकडे गेलो होतो. आत्या अनेक वर्षे धवलेरी म्हणून पाड्यातली लग्ने लावत आली आहे. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिताना पालघाट देवीभोवती काय काय काढायचे, धान्यदेवता कणसरीच्या गाण्यात धान्य रुसून निघून जाते ते कसे परत येते, हे तिने दुपारभर सांगितले. मुलगी वहीत उतरवून घेत होती आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ मारत होती. एकूण एक्केचाळीस शब्दांखाली रेघा आहेत. समितीसमोर विचारतील म्हणून ती लिहून घेत असावी, असे मला वाटले होते. परत येताना बसमध्ये तिने विचारले की येत्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात ‘वारली’ सांगितली तर चालेल का, की बोलता आल्याशिवाय सांगता येणार नाही. मी तिला सामींचा नियम सांगितला. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. त्याआधीच्या दोन्ही रविवारी ती पुन्हा आत्याकडे जाणार आहे.